सत्कार त्यांचा, गाणं आमचं

आपल्याकडे शोकसभेत किंवा अमृतमहोत्सवी सत्कारात एक वक्ता हमखास असतो. तो उभा राहतो सत्कारमूर्तींबद्दल बोलायला. ‘अण्णांची आणि माझी पहिली गाठ पडली ती...’ असं म्हणून सुरुवात करतो आणि अण्णा त्या पहिल्या गाठीपाशीच सुटतात ते सुटतातच. पुढच्या वीस मिनिटांत वक्त्याची नोकरी, वक्त्याची बदली, वक्त्याचा हुकलेला पुरस्कार आणि वक्त्याच्या मुलाचं अमेरिकेतलं घर यांची साद्यंत माहिती मिळते. अण्णांविषयी कळतं ते एवढंच, की त्यांना माणसाची पारख चांगली होती. अण्णा आपले व्यासपीठावर शाल सावरत, मांडीवरचा नारळ कुठे ठेवावा या विवंचनेत बसलेले असतात.

या भाषणाला कुणी चाल लावली, मागे ड्रम आणि गिटार वाजवली आणि वर एखाद्या सिनेनटाचं नाव दिलं की एक अख्खा गीतप्रकार तयार होतो. इंग्रजीत तो भलताच बहरला आहे. मायकल केन, क्लिंट ईस्टवुड, ग्रेस केली, जेम्स डीन, स्टीव्ह मॅक्वीन ही नुसती नटनट्यांची नावं नाहीत, गाण्यांचीही आहेत. गाणं लावायचं आणि आत नट कुठे दिसतो ते शोधायचं. बहुतेकदा तो दारातच भेटतो, हात जोडतो आणि निघून जातो. आत घरमालकाचं, म्हणजे गीतकाराचं, बोलणं सुरू असतं.

२००७ साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेलं मीका या गायकाचं ‘ग्रेस केली’ घ्या. ग्रेस केलीला ज्या ‘द कंट्री गर्ल’साठी ऑस्कर मिळालं, त्यातला एक संवाद सुरुवातीला ऐकू येतो. आपण सरसावून बसतो. आता ग्रेस केली, तिचं सौंदर्य, मोनॅकोचा राजपुत्र असं काही येणार. येतो तो मीकाचा राग. रेकॉर्ड कंपनीतल्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं की तुझं असं चालायचं नाही, जरा चारचौघांसारखं गा. त्यावर त्याने जी भडास काढली ते हे गाणं. ग्रेस केली बिचारी शीर्षकात उभी.

ही खोड जुनी आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज शिपाई चार्ली चॅप्लिनवरचं एक गाणं म्हणत. त्यात चांदणं, त्याचे पॉलिश नसलेले बूट, त्याची शिवण उसवलेली विजार वगैरे येतं आणि मग त्याला डार्डनेल्सच्या आघाडीवर पाठवायचा विषय निघतो. चॅप्लिन तेव्हा अमेरिकेत सिनेमे करत होता आणि पैसे मिळवत होता. गाणारे चिखलात उभे होते. गाणं चॅप्लिनचं, पण दुखणं कोणाचं ते उघड आहे. १९२६च्या ऑगस्टमध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनो ऐन एकतिसाव्या वर्षी गेला, तर वर्ष उलटायच्या आत तो स्वर्गातला नवा तारा झाल्याचं गाणं बाजारात आलं. आपल्याकडे तेवढ्या घाईने फक्त श्रद्धांजलीचे फलक लागतात, आणि त्यांवरही दिवंगताच्या फोटोपेक्षा शोकाकुलांचे फोटो मोठे असतात.

या सगळ्या पसाऱ्यात मला मनापासून आवडतं ते ‘बेटी डेव्हिस आइज’. जॅकी डिशॅनन आणि डोना वाइस या दोघींनी ते १९७४ साली लिहिलं. डिशॅननने स्वतः म्हटलंही. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८१मध्ये ते किम कार्न्सने म्हटलं. तिचा आवाज असा, की ऐकणाऱ्या कुठल्याही मराठी आईने आधी गरम पाण्यात हळद-मीठ घालून गुळण्या करायला लावल्या असत्या. त्या खरखरीत आवाजाने चमत्कार केला. गाणं अमेरिकेत एकूण नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मध्ये एकच आठवडा ‘स्टार्स ऑन ४५’ नावाच्या, जुन्या गाण्यांच्या तुकड्यांच्या कडबोळ्याने त्याला खाली ढकललं होतं. पुढच्या वर्षी दोन मोठी ग्रॅमी पारितोषिकं मिळाली.

गाण्यातली बाई बेटी डेव्हिस नाहीच. आहे कुणी तरी भलतीच, पुरुषांना घोळात घेणारी. तिचे केस जीन हार्लोसारखे, उसासे ग्रेटा गार्बोसारखे आणि डोळे तेवढे बेटी डेव्हिसचे. आपल्या संस्कृत कवींनी हेच केलं, फक्त त्यांनी सामान जंगलातून आणलं. डोळे हरणाचे, कंबर सिंहाची, चाल हत्तीची. एवढं सगळं एकत्र जोडल्यावर नायिका समोर आली तर राजाने प्रेमात पडण्याऐवजी धनुष्यच उचललं असतं. अमेरिकन गीतकारांनी निदान सगळे सुटे भाग हॉलिवूडमधूनच मागवले.

आणि डोळे निवडले तेही अचूक. बेटी डेव्हिसला सुंदर म्हणायला खुद्द तिचे चाहतेही थोडे थबकत. पण ते मोठे, किंचित पुढे आलेले, पापण्या जड झालेले डोळे पडद्यावर आले की समोरचा नट कितीही देखणा असो, प्रेक्षक त्याच्याकडे बघत नसे. ‘नाऊ, व्हॉयेजर’ या १९४२च्या सिनेमात पॉल हेन्रीड एका वेळी दोन सिगारेटी ओठांत धरून पेटवतो आणि त्यातली एक तिला देतो. प्रसंग आहे सिगारेटींचा आणि लक्षात राहतात धुराआडचे ते डोळे. एखाद्या उत्साही डॉक्टरने त्यांना थायरॉइडची तपासणी लिहून दिली असती. दिग्दर्शकांनी क्लोज-अप दिले.

गाणं गाजलं तेव्हा बेटी डेव्हिस त्र्याहत्तर वर्षांची होती. दोन ऑस्कर घरात, पन्नास वर्षं सिनेमात. अशा वयात आपलं नाव रेडिओवर दर तासाला वाजतंय म्हटल्यावर एखादीने वकिलाला फोन केला असता. हिने गीतकार बायकांना आणि किम कार्न्सला पत्रं लिहून आभार मानले. ग्रॅमीनंतर गुलाबाची फुलं पाठवली. तुम्ही मला आजच्या काळात आणून बसवलंत, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. मुख्य म्हणजे नातवाच्या नजरेत आजीची किंमत एकदम वाढली होती. सत्काराचा खरा उपयोग सत्कारमूर्तींना इथे होतो. ऑस्कर नातवंडांच्या लेखी कपाटातली बाहुली. आजीच्या नावाचं गाणं शाळेत वाजणं म्हणजे काही तरी झालं.

मायकल केनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. ‘मॅडनेस’ हा लंडनचा वात्रट बँड. त्यांनी १९८४ साली ‘मायकल केन’ नावाचं गाणं काढलं आणि वात्रटपणा म्हणाल तर त्यात काहीच नाही. गाणं आहे उत्तर आयर्लंडमधल्या एका खबऱ्याबद्दल, त्याच्या मनातल्या संशयाबद्दल आणि भीतीबद्दल. मायकल केनचा त्याच्याशी संबंध एवढाच की मधूनमधून खुद्द त्याच्याच आवाजात ‘मी मायकल केन’ असं ऐकू येतं. ‘द इप्क्रेस फाइल’मधल्या त्याच्या हेराची छाया त्यामागे आहे. केनने आधी साफ नकार दिला होता. मग मुलीने सांगितलं की बाबा, हा बँड किती मोठा आहे तुम्हाला कल्पना नाही, मुकाट्याने जा. गेला. मुलांपुढे कुणाचं काय चालतं! स्टुडिओत जाऊन हा माणूस स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा सांगत बसला. आधार कार्डाच्या केंद्रावर आपण जे फुकट करतो तेच, पण ते इंग्लंडात अकराव्या क्रमांकापर्यंत पोचलं.

यातली गंमत अशी की तेव्हा त्याचं नाव मायकल केन नव्हतंच. जन्मनाव मॉरिस मिकलव्हाइट. तरुणपणी फोन-बूथमधून एजंटाशी बोलताना नवं नाव ताबडतोब सांगायचं होतं. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये समोर ‘द केन म्युटिनी’ची पाटी दिसली, घेतलं त्यातलं केन. म्हणजे सिनेमावरून नटाचं नाव आणि नटावरून गाण्याचं. कागदोपत्री मात्र तो मिकलव्हाइटच राहिला. चेहरा मायकल केनचा आणि पासपोर्ट मिकलव्हाइटचा म्हटल्यावर विमानतळावर तपासणीत खोळंबा होऊ लागला, तेव्हा कुठे २०१६ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याने कायदेशीर नाव बदललं. त्या गाण्यात जो छातीठोकपणे ‘मी मायकल केन’ म्हणतो आहे, तो कायद्याच्या दृष्टीने बत्तीस वर्षं खोटं बोलत होता. खबऱ्यावरच्या गाण्याला हे शोभलंच.

१९८४ सालीच ‘बनानारामा’ या तीन मुलींच्या बँडचं ‘रॉबर्ट डी नीरोज वेटिंग’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यातली मुलगी बाहेरच्या जगाला भिऊन खोलीत बसली आहे आणि पडद्यावरचा डी नीरो हाच तिचा आधार. डी नीरोने हे ऐकलं आणि लंडनमध्ये असताना त्या तिघींना भेटायला तो खरंच आला. ज्याची वाट पाहायची तो दारात हजर, ही पंढरपूर सोडल्यास फार कमी ठिकाणी घडणारी गोष्ट. तिघींना आनंदापेक्षा धडकीच जास्त भरली होती.

काही सत्कारांत सत्कारमूर्ती बोलावलेलाच नसतो. गोरिलाझ या बँडचं ‘क्लिंट ईस्टवुड’ २००१ साली आलं. अख्ख्या गाण्यात क्लिंट ईस्टवुडचं नाव नाही. मागची मेलोडिकाची धून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची आठवण करून देते एवढ्यावर नामकरण झालं. गंमत पुढे आहे. त्या सिनेमात ईस्टवुडच्या पात्राची ओळखच ‘नाव नसलेला माणूस’ अशी. आणि गाणारे गोरिलाझ हे कागदावर काढलेले कार्टून. थोडक्यात, अस्तित्वात नसलेल्या गायकांनी नाव नसलेल्या माणसाचं नाव अशा गाण्याला दिलं, ज्यात ते नाव येत नाही. वेदान्ताच्या वर्गात हे ‘नेति नेति’खाली सहज खपून गेलं असतं.

बाउहाउस या बँडने तर १९७९ साली नऊ मिनिटांहून लांब गाणं काढून जाहीर केलं की बेला लुगोसी वारला. ड्रॅक्युलाचं काम करणारा लुगोसी १९५६ साली वारला होता आणि त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं होतं. तेवीस वर्षांनी बातमी देण्याचा आळस आपल्याकडे फक्त सरकारी पत्रव्यवहारात सापडतो. पण ड्रॅक्युलाच्या बाबतीत, तो खरंच गेला ना, याची पुन्हा एकदा खात्री करून घेण्यात शहाणपण असावं.

वारसदारांना विचारायची पद्धत नसली की काय होतं ते प्रिफॅब स्प्राउट या बँडला विचारा. त्यांच्या १९८५च्या अल्बमचं नाव ‘स्टीव्ह मॅक्वीन’. मॅक्वीनच्या वारसांनी हरकत घेतली आणि अमेरिकेत तोच अल्बम ‘टू व्हील्स गुड’ या नावाने विकावा लागला. दुचाकीचं दुकान आहे असं समजून कुणी आत शिरला असेल तर त्याला दोष देता येणार नाही. याच्या उलट मॅडोनाने १९९०च्या ‘व्होग’मध्ये एकदम सोळा नावांची यादी वाचून टाकली, इतक्या जणांपैकी भांडणार कोण? ती यादी ऐकताना मला लग्नपत्रिकेतलं ‘आपले नम्र’ आठवतं. सगळे नट-नट्या, आणि मध्येच जो डिमॅजिओ हा बेसबॉल खेळाडू. हा कसा आला? मेरिलिन मन्रोचा माजी नवरा. म्हणजे जावई. जावयाचं नाव पत्रिकेत घ्यावंच लागतं, घटस्फोट झाला तरी.

आपल्याकडे नटांचे सत्कार कवींच्या आधी कारागिरांनी केले. साधनाचा ‘लव्ह इन सिमला’ १९६०मध्ये आला आणि कपाळावर बटांची झालर घेतलेल्या मुली गल्लोगल्ली दिसू लागल्या. न्हाव्याच्या दुकानात, ब्युटी पार्लरात ‘साधना कट’ झाला. तो कटही मुळात ऑड्री हेपबर्नवरून घेतलेला, पण आपल्याकडे आल्यावर त्याचं बारसं झालं. पुढे राजेश खन्नाचा कुर्ता आला. तमिळनाडूत तर खुशबू या नटीच्या नावाची गुबगुबीत इडली निघाली. एखाद्या कलावंताने पन्नास वर्षं अभिनय करावा आणि सांबारात बुडून चाहत्याच्या पोटात जावं, यापेक्षा एकरूप व्हायचं ते काय?

गाण्यांचा नंबर जरा उशिरा लागला. भारतीय सिनेमाच्या शंभरीला, ३ मे २०१३ला, आलेल्या ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये थेट ‘बच्चन’ नावाचं गाणं होतं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘चेन्नई एक्स्प्रेस’च्या शेवटी ‘लुंगी डान्स’ आलं. रजनीकांतला वाहिलेलं हे गाणं श्रेयनामावलीबरोबर येतं, म्हणजे प्रेक्षक खुर्चीखाली चप्पल शोधत असतात तेव्हा. तरी लोक थांबले. काळा चष्मा, लुंगी, नारळ, मिशा अशा खुणांवर भागवलेलं हे मानपत्र आहे. अभिनयाबद्दल त्यात एक अक्षर नाही, आणि रजनीकांतच्या चाहत्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

आता मराठी माणूस म्हणून मला गप्प बसवत नाही. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. बंगळुरातल्या मराठी घरातला मुलगा, तिथल्या सिटी बसमध्ये कंडक्टर. के. बालचंदर यांनी १९७५मध्ये सिनेमात आणला आणि नाव बदललं. मूळ गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, जणू त्याला तिकडे पाठवायचा ठराव आपणच केला होता. साठच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ अशी घोषणा घुमत होती. त्याच मुंबईच्या सिनेमावाल्यांनी पुढे एका गायकवाडांच्या सन्मानार्थ लुंगी नेसून नाच केला, आणि पुंगीही तेवढ्याच जोरात वाजवली.

वरातीत हे गाणं कसं वापरतात ते जवळून बघण्यासारखं असतं. बँडवाल्याने सुरुवातीचे ठोके दिले की नवरदेवाचा एक मामा पुढे होतो. गळ्यातलं उपरणं काढून तो सुटाच्या पँटीवरून कंबरेला गुंडाळतो. उपरणं पुरत नाही. मग दुसऱ्या मामाचं उपरणं त्याला गाठ मारून जोडतात. काळा चष्मा घोड्यावरच्या नवरदेवाच्या नाकावरून उतरवला जातो. दोन्ही टोकं चिमटीत धरून मामा ती गुडघ्यापर्यंत उचलतो आणि खाली कडक इस्त्रीची पँट आणि तपकिरी बूट दिसतात. क्लॅरिनेटवाला एकच ओळ धरून बसलेला असतो, कारण पुढची त्याला येत नाही आणि मामालाही नको असते. चौकात वाहतूक थांबलेली. अडकलेल्या बसमधला कंडक्टर दारात उभा राहून टाळ्या वाजवत असतो. खात्यातल्याच माणसाचा सत्कार चाललाय म्हटल्यावर त्याचाही हक्क पोचतो.

स्वतःचा हार स्वतः आणायचा प्रकार मात्र शाहरुखने केला. २०१६च्या ‘फॅन’च्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या ‘जबरा फॅन’ गाण्यात सुपरस्टारही तोच आणि त्याच्यासाठी रस्त्यावर बेभान नाचणारा चाहताही तोच. ते गाणं अनेक भाषांत काढलं. मराठीत अवधूत गुप्तेने ‘वेडा फॅन’ म्हटलं. आपल्याकडच्या काही एकसष्ट्यांची निमंत्रणं, स्वागत समिती आणि गौरव अंक यांचा खर्च कोण करतं हे ठाऊक असल्याने मला त्यात वावगं दिसलं नाही.

मग थेट मराठी नटाच्या नावाचं, मराठी कवीने लिहिलेलं, लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं? आपली सवय नाट्यगृहाला नाव द्यायची. बालगंधर्वांना पुण्यात रंगमंदिर मिळालं, १९६८ साली. गाणी आपण गणपतीवर, विठोबावर, शिवाजी महाराजांवर लिहितो. नट त्या रांगेत बसत नाहीत. पण डोळ्यांचाच विषय असेल तर बेटी डेव्हिसच्या तोडीला आपल्याकडे एक माणूस होता. निळू फुले.

त्यांनी फार काही करावं लागत नसे. वाड्याच्या पायरीवर उभं राहायचं, डोळ्यांच्या फटी जराशा बारीक करायच्या आणि एक भुवई उचलायची. थिएटरातल्या बायकांचे हात आपोआप पदराकडे जात. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील मास्तरकडे नुसता बघतो आणि खुर्चीत आपण सावरून बसतो. चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये तेच डोळे पत्रकार दिगू टिपणिसांचे झाले, तिथे त्यांना सगळं दिसतं आणि काहीच करता येत नाही. पडद्याबाहेर हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाचे ते डोळे, आणि गावोगावच्या सासवा आपल्या सुनांना त्यांच्यापासून जपत.

गाण्याला हवं ते सगळं इथे तयार आहे. नावाची अडचण येईल असं वाटलं होतं. मराठी नटांची नावं चालीत बसायला मोठी नाठाळ. ‘अशोक सराफ’ म्हणताना ठेका अडखळतो, ‘लक्ष्मीकांत बेर्डे’ला अख्खं कडवं लागेल. निळूभाऊंचं मात्र मात्रा मोजून पाहिलं. निळू फुले: लघु, गुरू, लघु, गुरू. चार वेळा ओळीने म्हटलं की पंचचामर वृत्ताचा एक चरण पुरा, एकही अक्षर कमी नाही की जास्त नाही. म्हणजे शिवतांडव स्तोत्राची चाल थेट लागते. आणि ते स्तोत्र रचलं असं मानतात ते रावणाने. तेव्हा खलनायकांच्या घराण्यात परवानगीचाही प्रश्न येऊ नये. जरा आवाज चढवून म्हणून बघा. शेजारी आले तर त्यांना दुसरा चरण द्या, तोही हाच आहे.